वळणावरचं पाणमांजर

त्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि खारट झालं. आधी ते म्हशींना कळलं. सकाळी गोठ्यातून निघून पाण्यात शिरायच्या त्या काठावरच थबकायला लागल्या. तोंड बुडवून फुरफुरायच्या आणि मान वळवून चासिबकडे अशा बघायच्या, जणू हे पाणी त्यानंच नासवलंय.

"माझ्याकडं काय बघतेस?" चासिब म्हणायचा. "वर बसलेत त्यांच्याकडं बघ. धरणं बांधून नदी त्यांनी अडवलीय."

म्हशीला वर कोण बसलंय त्याच्याशी काय करायचं? ती पुन्हा एकदा फुरफुरायची आणि नाइलाजानं पाण्यात शिरायची.

चासिब आणि तिस्वाहिन यांचं बेट चिबायिश गावापासून होडीनं अर्धा दिवस आत, दलदलीत होतं. बेट कसलं, बोरूच्या चटयांवर चिखल, चिखलावर पुन्हा बोरू, अशी बापजाद्यांनी रचलेली बसकी जागा. त्यावर बोरूचंच घर, बोरूचाच गोठा, आणि कुडाला थापलेल्या गोवऱ्या. मुलगी लग्न होऊन अमारा शहरात गेली होती. मागं दोघं माणसं आणि म्हशी.

तिस्वाहिन या नावाचा अर्थ 'त्या सगळ्यांच्या तोडीची'. पाठोपाठ मुलीच झाल्या म्हणून बापानं तोंड फिरवलं, तेव्हा आजीनं रागानं हे नाव ठेवलं होतं. पुढं एक भाऊ झाला, मिझहिर. त्याला तिनंच कडेवर वाढवला.

ती रोज पहाटे होडी काढायची. म्हशींसाठी बोरूचे कोवळे कोंब कापून आणायचे हे तिचं काम. पाणी चांगलं होतं तेव्हा घराच्या मागंच भारा व्हायचा. आता कोंब करपून पिवळे पडले होते, त्यामुळं लांब जावं लागे. पण लांब जाणं तिला जड वाटत नव्हतं. जुन्या कालव्याच्या वळणावर पाणी खोल होतं, कमी खारं होतं, आणि दलदलीत जे जे काही जिवंत उरलं होतं ते तिथं गोळा झालं होतं. ती कापायला लागायच्या आधी होडी बोरूत घालायची, काठी चिखलात रोवायची आणि घटकाभर नुसती बसायची. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत टांगल्यासारखा राहायचा आणि दगड पडावा तसा पडायचा. जांभळ्या पाणकोंबड्या लांब लांब बोटं टाकत, नव्या नवरीसारख्या पाय जपत चालायच्या. कासवं एकावर एक चढून बसायची आणि सगळ्यात वरचं घसरलं की सगळीच धबाधबा पाण्यात. तिला दरवेळी हसू यायचं. ती भाकरीचा तुकडा सायीत बुडवून खायची आणि बघायची. घरी कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

वसंतात एकदा पाण्यात बुडबुड्यांची रेघ दिसली. रेघ तिच्या होडीखालून गेली, पलीकडं निघाली, आणि चपटं, मिशाळ डोकं वर आलं. पाणमांजर. ती लहान असताना बाप दाखवायचा. मग मधली वर्षं दलदलच सुकवली गेली, माणसं परागंदा झाली, आणि पाणी परत आलं तरी पाणमांजर काही कुणाला दिसलं नव्हतं. ते तिच्याकडं बघत राहिलं. तिनं तोंडातला घास गिळला नाही.

मग त्याची पिल्लं दिसली. दोन.

"बोरू कापायला जातेस का कुणाच्या घरी बसायला?" उशीर व्हायला लागला तसं चासिबनं विचारलं.

"कुणाच्या तरी घरीच," ती म्हणाली.

तो दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं होडीत येऊन बसला. वळणावर पोचल्यावर ती म्हणाली, "आता बोलू नकोस. खोकूही नकोस."

"खोकू नको काय? सिगारेट ओढणाऱ्या माणसाला..."

"श्श."

आई वर आली ती तोंडात मासा घेऊन. मासा जिवंत होता. तिनं तो पिल्लांच्या मधे सोडून दिला. दोन्ही पिल्लं एकदमच झेपावली, एकमेकांवर आपटली आणि मासा निसटला. आईनं तो पुन्हा धरून आणला, पुन्हा सोडला. चासिब वाकून वाकून होडी कलायची वेळ आली.

"माझा बाप असता तर एव्हाना कातडं वाळत घातलं असतं त्यानं," तो परतताना म्हणाला. आणि जरा वेळानं म्हणाला, "धाकट्याला जमत नाहीय अजून. ते डावीकडून येतं नेहमी."

त्यानंतर त्यालाही नाद लागला. कामातून सुटका मिळाली की तो म्हणायचा, "चल, तुझ्या पाहुण्यांकडं जाऊ." इतक्या वर्षांच्या संसारात दोघं असं नुसतंच बसलेत असं कधी झालं नव्हतं. ती भाकरी मोडायची, तो थर्मासमधला चहा पेल्यात ओतायचा, आणि दोघं पाण्याकडं बघत राहायची.

उन्हाळा चढला तसं दूध आटलं. म्हशींचे डोळे चिकटायला लागले. एक पारडू बसलं ते उठलंच नाही. त्याच सुमाराला मिझहिर आला. बसऱ्याला कुणाची तरी गाडी चालवत होता, ते काम सुटलं होतं. त्याच्या होडीत गाडीची बॅटरी होती, एक पत्र्याची पेटी होती आणि लांब दांड्याचं जाळं, ज्याच्या लोखंडी कड्याला तार गुंडाळलेली.

तिस्वाहिननं तार बघितली. "हे काय?"

"दिवा लावायला, आक्का."

"दिवा जाळ्याला लावतात होय?"

मिझहिर हसला. लहानपणी खजूर चोरल्यावर हसायचा तसाच. "सगळे करतात. जाळं टाकून दिवसभर बसायचं आणि वीतभर मासा काढायचा, ते दिवस गेले. बटण दाबलं की पाण्यातलं असेल ते वर येतं. दाजी, तुम्हीच सांगा."

चासिब चहा ढवळत होता. ढवळून झाला तरी ढवळत राहिला. "माझ्या बेटाच्या आसपास नाही," तो म्हणाला. "शॉकनं मासे मारणाऱ्याला आपल्या लोकांत कुणी पोरगी देत नसे."

"पोरगी द्यायला तुमच्याकडं आहे कुठं शिल्लक?" मिझहिर म्हणाला, आणि तिघंही हसली. विषय तिथंच राहिला. तिस्वाहिनला वाटलं, राहिला.

एका सकाळी ती शेजारच्या बेटावर निघाली. तिथली म्हातारी आजारी होती, तिला साय पोचवायची होती. घरी तसं सांगून निघाली. पण वाटेत वळण लागलं आणि तिचा हात आपोआप होडी वळवून मोकळा झाला. घटकाभर बसू, दोन पेंढ्या कापू आणि मग जाऊ. होडी बोरूत घातली, पण कोवळ्या कोंबांपाशी दाटीत ती शिरेना. ती झगा खोचून बोरूच्या आडोशाला कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. हातात विळा होता. पलीकडच्या काठाशी पिल्लांची आई पाठीवर पडून मासा खात होती, पोटाचा पाट मांडून. धाकटं पिल्लू बोरूच्या चटईवर चढून ऊन खात बसलं होतं.

कुणीतरी पाठीमागून मणक्यावर ओंडका घातला असं तिला वाटलं. मागं वळावं म्हटलं तर मान वळेना. दात एकमेकांत रुतले आणि मधे जीभ होती. विळा धरलेली मूठ उघडेना. तिला तो पात्यासकट स्वतःच्या अंगाकडं येताना दिसला. मग गुडघे गेले. डोक्यावरून पाणी गेलं, आणि त्या हिरव्या पाण्यात ती डोळे उघडे ठेवून खाली बसली. ओरडण्यासारखं आत बरंच होतं, पण तोंड दुसऱ्या कुणाचंतरी होतं.

कुणीतरी केसांना धरून वर ओढलं.

चासिब होता. गळ्यापर्यंत भिजलेला, तोंड पांढरंफटक. त्याच्यामागं बोरूच्या कडेला मिझहिरची होडी होती आणि तीत मिझहिर, जाळं उंच धरून. त्या होडीतून एक काठी आडवी बाहेर आली होती, चासिबची, होडी ठेलायची, तिनंच कापड गुंडाळून दिलेली.

"तू इथं कशी?" चासिब म्हणाला. "तू इथं कशी? तू तर म्हातारीकडं गेली होतीस. तू इथं कशी?"

तिच्या तोंडातून रक्त गळत होतं. ती त्याच्या खांद्यावरून बघत होती. सगळीकडं पांढरी पोटं वर आली होती. बोटाएवढे मासे, बेडूक, पाणसाप. त्यांच्यात एक तपकिरी पोट होतं. त्याच्यावर अजूनही अर्धा खाल्लेला मासा होता. आणि जरा पलीकडं, थोरलं पिल्लू, तोंड पाण्यात घालून, शेपूट लांब सोडून.

"तू इथं कशी?" तो अजून विचारतच होता.

त्या दिवसानंतर ती बरेच दिवस बोलली नाही. जीभ सुजली होती, पण तेवढंच कारण नव्हतं. बोलायला लागलं की आधी काय बोलायचं, तिथंच ती अडायची. तिला राग येत नव्हता. रडूही येत नव्हतं. भाकरी थापताना ती मधेच थांबायची आणि भाकरी जळल्याचा वास येईपर्यंत तशीच बसायची. चासिबनं सगळं सांगितलं होतं. मासे विकून म्हशींना कोंडा घ्यायचा म्हणून तो आधीपासूनच मेव्हण्याबरोबर जात होता. लांब जायचो, तो म्हणाला, दोन कालव्यांपलीकडं. त्या दिवशी तिकडं गस्तीची बोट दिसली म्हणून इकडं आलो. वळणावर आधी बघून घेतलं होतं. तुझी होडी बोरूत होती, दिसली नाही.

"आणि ती?" तिनं खुणेनंच विचारलं. पाणमांजरांबद्दल, ते त्याला कळलं.

तो मान खाली घालून बसला. "मी मिझहिरला म्हटलं होतं, या टोकाला नको, त्या टोकाला लाव."

पाण्याला टोक असतं का, हे तिनं विचारलं नाही.

उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. पेला धरला की बशीत तडतड वाजायचा. मोठी अडचण झाली ती दुधाची. म्हशी तिच्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नव्हत्या. चासिब बसला की पान्हा वर चढायचा. एकीनं तर त्याला बादलीसकट लोळवला. शेवटी एका सकाळी तो घरातून बाहेर आला तो तिचा काळा बुरखावजा झगा अंगावर घालून, डोक्यावरून तिची ओढणी घेऊन, आणि खाली वाकून तिच्यासारखं बारीक आवाजात म्हशीला चुचकारायला लागला. झगा त्याला गुडघ्यापर्यंतच येत होता. खाली केसाळ पिंढऱ्या.

म्हशीनं हुंगलं. विचार केला. आणि पान्हा सोडला.

नेमकी त्याच वेळी शेजारच्या बायकांची होडी जवळून गेली.

"कोण गं तू, नवी सून का?" एकीनं विचारलं.

"मिशीवाली आहे, जपून राहा तिस्वाहिन," दुसरी म्हणाली, आणि त्या हसत हसत लांब गेल्या. लांब गेल्यावरही पाण्यावरून हसू येत राहिलं.

चासिबनं मान वर केली नाही. दोन्ही कान लाल झाले होते. तो धार काढत राहिला. तिस्वाहिन दारात बसून बघत होती. तिला माहीत होतं की संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या दलदलीत होईल, आणि त्यालाही माहीत होतं. तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा झगा मागायला आला. तिनं तो खुंटीवरून काढून दिला. एवढंच.

वळणावरची गोष्ट टोळीच्या प्रमुखाच्या, शेख मुत्लगच्या, बैठकीत गेली. जायचीच होती. बाईच्या जिवावर बेतलं होतं. बोरूच्या लांबट बैठकघरात दोन्हीकडची वडीलधारी माणसं भिंतींना टेकून बसली. ती बायकांच्या बाजूला, पडद्याआड.

"नुकसान कुणाचं झालं?" शेखनं विचारलं.

"आमच्या लेकीचं," तिच्या माहेरचा चुलता म्हणाला.

"केलं कुणी?"

चुलता गप्प. करणारा माहेरचाच होता.

"होडी ठेलत कोण होतं?"

आता सासरचे गप्प.

"म्हणजे मुलीकडच्यांनी जावयाला भरपाई द्यायची, आणि जावयानं मुलीकडच्यांना," शेख म्हणाला. "मग एकमेकांना मिठ्या मारा आणि घरी जा. माझा चहा का नासवता?"

माणसं हसली. मिझहिरनं उठून चासिबच्या खांद्याचं चुंबन घेतलं. चासिबनं मिझहिरच्या. शेख म्हणाला, बाई वाचली, देवाचे आभार. पडद्याआड तिच्या हातातला पेला वाजत होता आणि शेजारच्या बाईनं तो हळूच काढून घेतला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मरून वर आलेल्यांचं कुणी काही विचारलं नाही.

मिझहिर चिबायिशला गेला, निदान तसं सांगून गेला. तिस्वाहिन पाण्यात उतरेनाशी झाली. काठावरसुद्धा जाईना, भांडी घासायला चासिब पाणी आणून द्यायचा. कोंब कापायला आता तोच जायचा.

एकदा तो परतला, भारा टाकला आणि म्हणाला, "धाकटं आहे."

तिनं वर बघितलं.

"जिवंत आहे. बोरूच्या चटईवर बसलं होतं तेव्हा, म्हणून वाचलं असणार. आज बघितलं मी."

तिला खरं वाटलं नाही. माणसं आजाऱ्याशी असंच बोलतात. पण तो रोज काहीतरी सांगायला लागला. आज त्यानं बेडूक धरला. आज स्वतःच्याच शेपटीवर चिडलं होतं. अजूनही डावीकडूनच येतं. मासा आधी डोक्याकडून खातं, मग मिशा पुसतं, म्हातारा दाढी पुसतो तसं. एवढं बारीक माणूस मनातून रचून सांगत नाही. ती ऐकता ऐकता भाकरी उलटायला विसरायची, पण आता जळू देत नव्हती.

"अंगानं कसं आहे?" एक दिवस तिनं विचारलं. किती दिवसांनी तोंडातून सरळ वाक्य निघालं होतं.

चासिबनं चटकन मान फिरवली. "भरलंय," तो म्हणाला. "चांगलं भरलंय."

म्हशीही जरा सावरल्या. गोठ्याच्या कोपऱ्यात कोंड्याची पोती आली होती. अमाऱ्याहून जावयानं पाठवली, असं चासिब म्हणाला. तिनं मनातल्या मनात जावयाला दुवा दिला. तिची मूठ वळायला लागली. एका सकाळी तिनं स्वतः धार काढली. म्हशीनं मान वळवून तिच्या केसांना नाक लावलं आणि ऊन ऊन श्वास सोडला. बादली भरली तेव्हा तिला वाटलं, आज जावं. तो पहाटेच कोंबांना गेला होता. तिनं भाकऱ्या फडक्यात बांधल्या, सायीचं भांडं घेतलं, आणि काठावर आली. एक पाय उचलून पुन्हा खाली ठेवला. मग होडीत टाकला. वाटभर हात होडीच्या आत ठेवले, बोट पाण्याला लागू दिलं नाही.

वळणाच्या अलीकडं तिला त्याचा आवाज आला. तो तोंडानं चुक चुक करत होता, पारडाला बोलावताना करतो तसा. तिला हसू आलं. तिनं बोरू बाजूला सारला.

चासिब होडीच्या मागच्या टोकावर उभा होता, काठीवर रेलून. पाण्यातून पिल्लू त्याच्याकडं येत होतं, डावीकडून. चांगलं भरलं होतं खरंच. त्यानं एक मासा उचलून दाखवला आणि लांब, बोरूच्या चटईवर फेकला. पिल्लू वळलं, चटईवर चढलं, अंग झाडलं आणि मासा पुढच्या पायांत धरून खायला बसलं. चासिबनं ते चारी पायांनी पाण्याबाहेर आहे याची मान उंच करून खात्री केली. मग त्यानं होडीच्या पुढच्या टोकाकडं बघून मान हलवली.

पुढच्या टोकावर मिझहिर बसला होता. त्यानं कड्याचं जाळं पाण्यात घातलं आणि पायाशी असलेल्या पेटीवर हात ठेवला. पेटीची गुणगुण चढली. पाणी एकदम पांढरं झालं, पोटांनी.

तिस्वाहिनच्या हातातलं भांडं होडीत पडलं. सायीचा थबका तिच्या पायावरून ओघळत गेला. ती बघतच राहिली. दोघं झपझप मासे भरत होते, आणि चासिबनं त्यातला एक बरा मासा निवडून बाजूला ठेवला, पुढच्या खेपेला पिल्लासाठी. त्याच्या तोंडावर तोच भाव होता, झगा घालून म्हशीखाली बसला असताना होता तो. तिच्या डोक्यात एकामागून एक सगळं जुळत गेलं. पोती. जावई. भरलंय, चांगलं भरलंय. या पाण्यातून निघालेला कोंडा म्हशींनी खाल्ला होता, आणि आज सकाळी तिनं काढलेलं दूध त्याचंच होतं. पिल्लाबद्दल तो खोटं बोलला नव्हता. म्हणून तर तिला काही सुचेना. तेही खोटं असतं तर सोपं होतं.

मासे भरून झाले. मिझहिरनं जाळं पुन्हा बुडवलं. पिल्लू अजून चटईवर होतं.

तिस्वाहिननं होडीच्या काठावरून पाय बाहेर टाकला आणि पाण्यात उतरली. पाणी कोमट होतं. पायाखाली चिखल सरकला. तिचे दात वाजत होते, त्या उन्हात. ती बोरूतून बाहेर आली आणि कमरेइतक्या पाण्यात, त्यांच्या होडीपासून हाताच्या अंतरावर येऊन उभी राहिली.

चासिबनं काठी चिखलात रोवून होडी जागीच थोपवली.

"आक्का," मिझहिर म्हणाला, "बाहेर ये."

"दाब," ती म्हणाली.

"आक्का, वेड लागलंय का तुला? बॅटरी जोडलेली आहे. हात लागला तरी..."

"दाब की. काय येईल ते वर येईल."

मिझहिरनं दोन्ही हात पेटीपासून लांब, हवेत धरले. "दाजी, सांगा तिला."

चासिबनं काठी होडीत आडवी ठेवली. खाली बसला, जसा म्हातारा बसतो तसा टेकत टेकत, आणि पाय पाण्यात सोडून स्वतःही उतरला. डोक्याचं फडकं भिजलं. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिच्याकडं बघितलं नाही.

"म्हशी मेल्या असत्या," तो म्हणाला.

ती पेटीकडं बघत होती.

"मी त्याला आधी बाहेर काढायचो. दरवेळी. एकदासुद्धा..."

मिझहिरनं बॅटरीवरचा एक चिमटा काढला. मग दुसरा काढला. गुणगुण थांबली आणि वळणावर एकदम इतकं शांत झालं, की पिल्लाच्या दाताखाली मोडणाऱ्या काट्याचा आवाज ऐकू आला. ते खाऊन झालं. त्यानं मिशा पुसल्या, अलगद पाण्यात सरकलं आणि डावीकडून, दोघांच्या मधून, तिच्या झग्याला घासून पुढं गेलं. होडीपाशी जाऊन थांबलं आणि गळा ताणून मिझहिरच्या तोंडाकडं बघायला लागलं.

मिझहिर हातात चिमटे घेऊन तसाच बसून राहिला.

पानगळीच्या आधी चासिबनं निम्म्या म्हशी विकल्या. मिझहिर वीटभट्टीवर गेला. जाताना त्यानं आक्काच्या डोक्यावर ओठ टेकवले, ती काही बोलेल म्हणून थांबला, आणि मग गेला. बॅटरी त्यानं कुणाला तरी देऊन टाकली, कुणाला ते सांगितलं नाही. दलदलीत बॅटरीवाल्या होड्या काही कमी नव्हत्या.

आणि पिल्लाला होडी म्हणजे खाणं हे पक्कं ठाऊक झालं होतं. कुणाचीही होडी आली की ते पोहत जायचं.

यातला धोका चासिबच्या आधी तिच्या ध्यानात आला. ती त्याला घेऊन वळणावर गेली. पिल्लू डावीकडून आलं, होडीला लागून थांबलं, मान वर केली. तिस्वाहिननं काठी उचलली आणि त्याच्या नाकापुढच्या पाण्यावर सपकन मारली. पिल्लू बुडलं, जरा लांब वर आलं आणि पुन्हा जवळ आलं. तिनं पुन्हा मारली.

"लागेल त्याला," चासिब म्हणाला.

"लागू दे. तूही फेक."

होडीत चिखलाचे गोळे तिनं घरूनच आणले होते. चासिबनं एक उचलला, हातात फिरवला आणि बराच अलीकडं टाकला. ती त्याच्याकडं बघत राहिली, तेव्हा त्यानं दुसरा उचलला आणि नीट नेम धरून मारला. तो पिल्लाच्या पाठीवर बसला. त्यानं एक बारीक शीळ घातली. चासिबनं तोंड डोक्याच्या फडक्यात लपवलं.

असं ते रोज जात राहिले. शिव्या द्यायच्या, पाणी बडवायचं, गोळे मारायचे. ते यायचं, थांबायचं, बघायचं. त्याला कळत नव्हतं. मग अंतर ठेवून थांबायला लागलं. मग नुसतं डोकं दिसायचं, बोरूच्या आडून.

एक दिवस होडी वळणावर आली आणि काहीच दिसलं नाही. तिनं काठी हातात धरून ठेवली होती. लांब, पलीकडच्या काठाजवळ, बुडबुड्यांची एक रेघ उठली, होडीच्या उलट्या दिशेनं भराभर गेली आणि बोरूत शिरली.

"गेलं," चासिब म्हणाला.

तिस्वाहिननं काठी खाली ठेवली. तिचा उजवा हात अजूनही मधूनच कापायचा, तो तिनं डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला, आणि जिथं रेघ संपली होती तिथं ती बघत राहिली.